निकाल ते पहिला पगार

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की सगळ्यात आधी जाते ती हॉस्टेलची कॉट. मग पीएमपीएमएलच्या बसचा विद्यार्थी पास, मग कॉलेजच्या लायब्ररीतली खिडकीजवळची खुर्ची. मेसचा महिना ज्या तारखेला भरतो, त्या तारखेपासून जेवायचं कुठे हा प्रश्न सुरू होतो. लातूर, सांगली, अहिल्यानगर, यवतमाळहून पुण्यात शिकायला आलेली मुलं-मुली या टप्प्यावर कर्वेनगर, वारजे, नऱ्हे, वाकड अशा भागांत तिघं-चौघं मिळून फ्लॅट घेतात. कुणी इंटर्नशिप करतंय, कुणी ऑफ-कॅम्पस ड्राइव्हच्या मागे आहे, एखाद्याच्या हातात ऑफर लेटर आहे पण कंपनी जॉइनिंगची तारीख पुढे ढकलतेय. गावाकडून रोज संध्याकाळी फोन येतो: काय रे, झालं का काही?

या काळात तीन कामं एकदम अंगावर असतात. दिवसा इंटर्नशिप, रात्री अर्ज आणि ऑनलाइन परीक्षा, आणि या दोन्हींच्या फटीत स्वयंपाक. तिन्हींत माणूस सारखाच दमतो. पण तो कामाला आहे की नाही, हे सरकारची कुठली वही उघडाल त्यावर ठरतं, आणि या वह्यांमधली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कागदावर सही करताना आणि पगाराचा आकडा ऐकताना हे ठाऊक असलेलं बरं.

शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्याकडे १९६१ चा कायदा आहे. त्याचं कलम १८ स्वच्छ सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे त्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही, आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नसतो. काही गोष्टी मात्र त्याच कायद्यानं राखून ठेवल्या आहेत. कारखान्यातले आरोग्याचे आणि सुरक्षेचे नियम त्याला कामगारासारखेच लागू होतात, आणि शिकताना अपघात झाला तर मालकाला भरपाई द्यावी लागते. मशीनमध्ये बोट सापडलं तर तो कामगाराइतकाच, पगाराच्या दिवशी मात्र नाही.

दुसरी वही केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची. देशातल्या रोजगाराचे आकडे ज्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतून येतात, तिच्या व्याख्येत मानधन घेणारा शिकाऊ उमेदवार थेट नियमित पगारदारांच्या रांगेत बसतो. कायदा ज्याला कामगार म्हणायला तयार नाही, त्याला पाहणीनं नोकरीवर लावून टाकलेलं असतं! काम न करता नुसतं शोधत असाल तर तुमचा सांकेतिक क्रमांक ८१, म्हणजे बेरोजगार. आणि घरची कामं सांभाळत असाल तर ९२, म्हणजे श्रमशक्तीच्याच बाहेर.

हा ९२ दिसतो तेवढा साधा नाही. २०२३-२४ च्या पाहणीत १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. हा दर सगळ्या तरुणांपैकी काढत नाहीत. जे काम करताहेत किंवा शोधताहेत, त्यांच्यापैकी काढतात. म्हणजे शोधून शोधून थकलेला मुलगा गावी जाऊन बसला तर तो बेरोजगारांतूनही वगळला जातो, आणि दर सुधारलेला दिसतो. मुलींच्या बाबतीत हे फार सहज घडतं. पदवी घेऊन मुलगी घरी परत आली, रात्री बसून पन्नास ठिकाणी अर्ज करत असली, तरी दिवसा घरच्या पोळ्या तिच्याकडे येतात, कारण ती ‘घरीच आहे’. पाहणी करणाऱ्याला घरातल्या दुसऱ्याच कुणी तेवढंच उत्तर दिलं की ८१ चा ९२ होतो. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनं ही पोळ्यांची बाजूही मोजली आहे: घरासाठी बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. नोकरी शोधणाऱ्या मुलाला आणि मुलीला शोधासाठी दिवसातले किती तास उरतात, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून यावा.

आता इंटर्नशिप. हा शब्द सगळे एका दमात उच्चारतात, पण त्याच्या पोटात निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांची वजनं वेगवेगळी आहेत.

सगळ्यात भक्कम प्रकार म्हणजे कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान मानधन महिना ९,००० रुपये ठरवलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. महाराष्ट्र आणि गोव्याचा कारभार मुंबईतल्या पश्चिम विभागीय मंडळाकडे आहे. करार योजनेच्या पोर्टलवर नोंदवला जातो, वर्ष संपलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते अनुभव म्हणून दाखवता येतं. एक अट लक्षात ठेवायला हवी: पदवीनंतर वर्षभराचा अनुभव आधीच गाठीशी असेल तर या योजनेचं दार बंद होतं. आधी कुठंतरी चिकटू आणि मग इकडे वळू, हा क्रम चालत नाही.

दुसरा प्रकार सरकारी योजनांचा. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. गावोगावी तिला ‘लाडका भाऊ’ म्हणू लागले, अर्थात बहिणीही तिला पात्र आहेत. बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, असं तिचं स्वरूप होतं. मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती, पुढे वाढवली गेली. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. तिच्यात महिना ५,००० रुपये, त्यांतले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे, शिवाय सुरुवातीला एकदाच ६,०००. वय २१ ते २४. आयआयटी-आयआयएमवाले, सीए, एमबीए यांना तिच्यात जागा नाही, आणि ते रास्तच आहे. पुण्यात पाच हजारांत खोलीचं भाडं निघालं तरी नशीब, ही गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त चालतो, आणि त्याच्यामागे कुठलाच कागद नसतो. एक ईमेल येतं, ‘तुमची निवड झाली आहे, सोमवारपासून या.’ खासगी कंपनीतल्या अशा इंटर्नशिपची व्याख्या कुठल्याच कामगार कायद्यात नाही. मानधन दिलं तर दिलं. अशा ठिकाणी निदान मुदत, मानधन आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र, एवढं तरी ईमेलवर लिहून घ्यावं. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर तीन महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. ‘आधी सहा महिने विनामानधन, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे सहावा महिना पूर्ण करू नये, असं माझं मत आहे. जे शिकायचं ते पहिल्या दोन महिन्यांत कळतं. त्यानंतर कंपनीला फक्त फुकटचा माणूस मिळतो.

मानधनातून दहा टक्के कापले गेले तर बरीच मुलं निमूटपणे सोडून देतात. कंपनीनं इंटर्नला कर्मचारी न मानता व्यावसायिक सेवा देणारा मानलं की तेवढा कर आधीच कापला जातो. वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ही सगळी रक्कम परत मिळते. पॅन नंबर कंपनीकडे बरोबर नोंदवलाय ना, आणि कापलेला कर आपल्या नावावर दिसतोय ना, एवढं पाहायचं.

मानधनाचा आकडा असा पाच ते दहा हजारांच्या घरात असला, की महिन्याचं गणित जिथं आपल्या हातात राहतं अशी एकच जागा उरते. स्वयंपाकाचा ओटा.

पुण्यात शिकणाऱ्या परगावच्या मुलाचं जेवण हा प्रश्न जुना आहे. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांची पिढी होऊन गेली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणूनच. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर त्या सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीवर शेकडो माणसांचे डबे भरत होत्या. घरातल्या चुलीवरचं काम बँकेच्या अर्जात व्यवसाय म्हणून लिहिलं गेलं, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

आजच्या फ्लॅटमध्ये खानावळवाली मावशी नसते. डबा लावता येतो, पण इंटर्नशिप हिंजवडीला असेल तर तो दुपारी फ्लॅटच्या दाराशी लोंबकळतो आणि रात्री आठला उघडेपर्यंत भाजीला वास आलेला असतो. मेस रविवारी संध्याकाळी बंद. म्हणून दोन-तीन महिन्यांत बहुतेक फ्लॅट स्वतःचा स्वयंपाक सुरू करतात, आणि पहिली अडचण येते ती इंधनाची.

घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला पत्त्याचा पुरावा लागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदलेला करार असेल तर तो पुरावा म्हणून चालतो. घरमालकानं पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करून दिली असेल तर पंचाईत. अशांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर असतो. इंडियन ऑइलनं त्याला ‘छोटू’ असं नावच दिलंय. पत्त्याचा पुरावा न देता, नुसतं ओळखपत्र दाखवून तो पेट्रोल पंपावर किंवा काही दुकानांत मिळतो. अनुदान नसल्यानं किलोमागे महाग पडतो, पण खोली बदलली की उचलून नेता येतो.

दुसरा पर्याय इंडक्शन शेगडीचा, आणि तिथं एक हमखास फजिती होते. आईनं गावाहून ॲल्युमिनियमचा तीन लिटरचा कुकर पाठवलेला असतो. तो शेगडीवर ठेवला की ती दोन-चारदा बीप करते आणि गप्प बसते. शेगडी बिघडलेली नसते. तिच्या काचेखाली तांब्याचं वेटोळं असतं, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि भोवती तसंच झपाट्यानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. भांड्याचा तळ लोखंडी किंवा चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा असेल तर त्या तळातच विद्युतप्रवाह भोवऱ्यासारखे फिरतात आणि धातूच्या विरोधामुळे तळ तापतो. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, शिवाय त्याचा विरोध इतका कमी की त्यात उष्णता नीट तयारच होत नाही. शेगडीला हे कळतं आणि ती बंद होते. कुकर घ्यायला जाताना खिशात फ्रीजवरचं एखादं चुंबक असावं. तळाला घट्ट चिकटलं तर भांडं चालेल.

स्वस्त काय पडतं? एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट विजेएवढी ऊर्जा असते, पण शेगडीवर त्यातली पासष्ट टक्क्यांच्या आसपासच भांड्यात जाते. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्के जाते. हिशेब केला तर एक किलो गॅसचं काम इंडक्शनवर जवळपास दहा युनिटांत होतं. आपल्या वीजबिलातला युनिटचा दर दहानं गुणायचा आणि किलोच्या भावाशी ताडून पाहायचा. घरमालक सबमीटर लावून मनमानी दर घेत असेल तर उत्तर फिरतं.

आता कुकरच्या शिट्ट्या. ‘तूरडाळीला चार, भाताला तीन’ हे आईचं गणित तिच्या कुकरला, तिच्या शेगडीला लागू होतं. शिट्टी वेळ मोजत नाही. आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की वजन उचललं जातं आणि वाफ सुटते, एवढंच तिचं काम. ही मर्यादा हवेच्या दाबाहून साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर जास्त असते, आणि तेवढ्या दाबाला पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यानं उघड्या पातेल्यात तेच पाणी ९८ अंशांवर उकळायला लागतं. डाळ शिजायचा वेळ निम्म्याहून खाली येतो तो या वीस-बावीस अंशांमुळे. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, पण डाळ तेवढ्यात शिजतेच असं नाही. आतलं तापमान तर तेच राहतं, जास्तीची ऊर्जा वाफ होऊन खिडकीतून जाते. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करावी आणि घड्याळ लावावं. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला मग आठ-दहा मिनिटं पुरतात.

रात्री आठला दमून आलेल्याला याहून सोपं हवं असतं, आणि त्यासाठी पिठल्यासारखा पदार्थ दुसरा नाही. बेसन, कांदा, मिरची, पाणी. गुठळ्या होतात त्या एकाच कारणानं: कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं. पिठातला स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतो. गरम पाण्यात पडलेल्या पिठाच्या गोळीचं बाहेरचं आवरण आधी फुगून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. मग कितीही घोटा. आधी गार पाण्यात पीठ कालवून ते फोडणीत ओतलं तर प्रत्येक कणाभोवती पाणी असतं आणि सगळं सारखंच दाटतं. फोडणीतही घाई नको. मोहरी तडतडते ती तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटतं म्हणून, आणि तेल पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बरंच वर गेल्याशिवाय ते होत नाही. हिंग, हळद, मिरची यांचे रंग-वास तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत. वरून हळद टाकलेलं पिठलं कच्चं लागतं ते त्यामुळे.

पोळ्यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. पुण्यात दर दोन गल्ल्यांआड पोळी-भाजी केंद्र आहे, तिथं पोळ्या नगावर मिळतात. पोळी शिकायला महिने जातात आणि चौघांच्या पोळ्या लाटायला पाऊण तास. तेवढ्या वेळात आमटी, उसळ, कोशिंबीर होते. विकत घ्यायच्या पोळ्या आणि घरी करायचं बाकीचं, ही वाटणी पैशाला आणि वेळेला दोन्हींना परवडते. ज्यांना मोजून-मापून लिहिलेली कृती लागते त्यांनी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ जवळ ठेवावं. १९७० साली आलेल्या या पुस्तकानं वाटी आणि चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला, आणि अंदाजपंचे शिकवणारी आई जवळ नसलेल्यांची सोय झाली.

पोट भरतं पण प्रथिनं कमी पडतात, ही या फ्लॅटांची खरी खोट. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दिवसभरात शंभर ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं पोटात गेली तर बावीस-चोवीस ग्रॅम, दोन अंडी बारा, पेलाभर दूध आठ, चार पोळ्यांची बारा. झाले पन्नासवर. शंभर ग्रॅम कडधान्य म्हणजे चांगली अर्धी वाटी मटकी. ती रविवारी भिजत घालून मोड आणले की मंगळवारपर्यंत उसळ निघते. राजमा असेल तर तो भिजवून कुकरलाच शिजवावा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातलं लेक्टिन पोट असं बिघडवतं की दुसऱ्या दिवशीचा इंटरव्ह्यू हुकतो.

आणि फोडणीचा भात. उरलेल्या भाताचं याहून चांगलं काही होत नाही, हे मान्य. पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा तो करू नये. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, आणि ते शिजवण्यानं मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. सकाळी कढईत परतलं तर जिवाणू मरतील, ते विष मात्र उष्णतेला पुरून उरतं. त्यानं काही तासांत उलट्या सुरू होतात. भात पसरट ताटात काढून लवकर गार करावा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर मोजकाच लावावा. ‘आमच्या घरी वर्षानुवर्षं शिळा भात खाल्ला, कुणाला काही झालं नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पत्र्याच्या शेडखालच्या खोलीतला एप्रिल महिना आणि वाड्यातलं गार स्वयंपाकघर यांत फरक आहे.

जेवण झालं की लॅपटॉप उघडतात. १९५९ च्या कायद्यानं ठरावीक आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं केलं होतं, आणि कित्येक पिढ्यांनी तिथल्या कार्डाचं नूतनीकरण करत वाट पाहिली. ती नोंदणी आता महास्वयम् पोर्टलवर होते. खासगी नोकऱ्यांची गंगा मात्र १९९७ साली आलेल्या नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळांकडे वळली. या संकेतस्थळांवर आपला बायोडेटा माणूस वाचतो तो बराच नंतर. आधी गाळण्या लागतात: पासआउटचं वर्ष, दहावी-बारावी-पदवी तिन्हींत साठ टक्के, बॅकलॉग नाही, ठिकाण, आणि जाहिरातीतले ठरावीक शब्द. दोन रकान्यांचा, चिन्हांनी आणि तक्त्यांनी सजवलेला बायोडेटा सॉफ्टवेअरला कित्येकदा वाचताच येत नाही. साधं, एका रकान्याचं पान जास्त लांब जातं. पासआउटच्या वर्षाची गाळणी सगळ्यांत निर्दय. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजांत नव्या बॅचचं कॅम्पस सुरू झालं की ‘फ्रेशर’साठी मागितलेलं वर्ष एकनं पुढे सरकतं, आणि काल ताजा असलेला उमेदवार गॅपवाला ठरतो. पहिल्या वर्षात हाताला लागेल ती नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी घ्यावी, असं मला वाटतं ते याचसाठी.

ऑफर आली की आकडा वर्षाचा सांगतात. ‘तीन साठ’ म्हणजे वर्षाला ३,६०,००० सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. घरी लगेच तीस हजार महिना असं कळवलं जातं. हा आकडा उलगडून पाहू. मूळ वेतन निम्मं, म्हणजे १५,००० धरू. कंपनी आपल्या वाट्याचा १२ टक्के पीएफ यातच मोजते: १,८००. ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के बाजूला काढते: ७२१. हा विचित्र आकडा येतो कुठून? ग्रॅच्युइटी वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. पंधरा भागिले सव्वीस, त्याला बारानं भागलं की मिळतं ते. ती हातात पडते सलग पाच वर्षांनी. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या श्रमसंहितेनुसार वर्षानं. गटविम्याचा हप्ता ५०० धरू आणि कामगिरीवर मिळणारा भाग दहा टक्के, म्हणजे ३,०००. राहिले २३,९७९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात येतात २१,९७९. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण वर्षाचे अडीच हजार पुरे करायला त्या महिन्यात व्यवसाय कर तीनशे कापतात. याच पगाराच्या मुलीला मात्र तो कर नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून महिलांना पंचवीस हजारांपर्यंत सूट आहे. फ्लॅटमध्ये हा हिशेब एकदा भिंतीवर लिहावा, म्हणजे भाड्याचे बेत तीस हजारांवर बेतले जाणार नाहीत.

ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर बाँड असतो. दोन वर्षांच्या आत सोडलंत तर इतके लाख भरा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्या-नोकरीवर बंधन घालणारा करार रद्दबातल मानतं, म्हणून बाँडला काही अर्थ नाही असं सिनियर सांगतात. ते अर्धंच खरं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यानं दोन लाख द्यावेत ही अट वैध ठरवली. नोकरीत असतानाचं बंधन आणि नोकरी सोडल्यानंतरचं बंधन यांत न्यायालय फरक करतं. सही करताना रक्कम वाचावी. मूळ गुणपत्रिका मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नये. आणि लॅपटॉपची अनामत, नोंदणी शुल्क, पडताळणीचा खर्च असलं काही आधी भरायला सांगणारा ‘एचआर’ फसवणारा असतो. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

जॉइनिंग झालं तरी पैसे लगेच येत नाहीत. महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालात तर बऱ्याच कंपन्या ते दिवस पुढच्या पगारात धरतात, म्हणजे पहिला पगार चाळीस दिवसांवर जातो. तोवर लागतात फॉर्मल शर्ट, बसभाडं, मेडिकल तपासणी, नव्या जागेची अनामत. इंटर्नशिपचं मानधन बंद झालेलं असतं, आणि घरच्यांनी ‘आता नोकरी लागली’ म्हणून पैसे पाठवणं थांबवलेलं असतं. त्या चाळीस दिवसांपुरते तरी कुकर, छोटू आणि डाळ-तांदळाचे डबे गावी परत पाठवू नयेत. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवण असतं, पण बहुतेक ठिकाणी त्याचं कूपन आधी पैसे भरून घ्यावं लागतं.